पाच इसा शंभर

माझी आजी गोवऱ्या मोजताना कधीही शंभरापर्यंत सलग जात नसे. वीस झाल्या की ती एक खडा बाजूला ठेवी आणि पुन्हा एकापासून सुरुवात करी, शेवटी खड्यांकडे पाहून सांगे, "तीन इसा न् सात." पाच खडे जमले की शंभर भरले. अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावात तिच्या पिढीच्या बहुतेक बायका अशाच मोजत. आम्ही शाळेत जाणारी नातवंडे त्याला न शिकलेल्या माणसांचा हिशेब समजत होतो. पुढे मी स्वतः गणित शिकवू लागले, तेव्हाही तो हिशेब फळ्यावर मांडावा असे मला कधी वाटले नाही. तो मी पहिल्यांदा फळ्यावर मांडला ग्वाटेमालातल्या एका खेड्यात, मराठीचा एक शब्दही न कळणाऱ्या मुलांसमोर.

२०१८ च्या जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे तिकडचे एक पूर्ण शालेय वर्ष, मी ग्वाटेमालाच्या पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेशात, एल किचे नावाच्या विभागात राहिले. त्याआधी सात वर्षे मी अंबाजोगाई तालुक्यातल्या एका संस्थेच्या शाळेत पाचवी ते सातवीच्या वर्गांना शिकवत होते. एका स्वयंसेवी संस्थेमार्फत ही संधी आली, शाळेने वर्षभराची बिनपगारी रजा मंजूर केली आणि घरच्यांनी काळजी करत का होईना, होकार दिला. ते खेडे समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही बरेच वर होते. गुरुवारी आणि रविवारी मोठा बाजार भरणारे चिचिकास्तेनांगो हे गाव तिथून बसने तासाभरावर; आणि त्या बसगाड्या म्हणजे अमेरिकेतल्या शाळांनी वापरून मोडीत काढलेल्या गाड्या, भडक रंगांनी नव्याने रंगवलेल्या. भारताच्या आणि तिथल्या वेळेत साडेअकरा तासांचा फरक असल्यामुळे मी सकाळी वर्गात पाऊल ठेवत असे तेव्हा आमच्या घरी देवापुढे सांजवात लागलेली असे.

पहिल्या दिवशी मुलांनी मला "सेन्यो" अशी हाक मारली. ग्वाटेमालात शिक्षिकेला असेच म्हणतात, नाव न घेता, आपल्याकडे जसे नुसते "बाई" म्हणतात तसे. त्या एका हाकेने मला फार धीर आला. परंतु त्यानंतरचे कितीतरी दिवस वर्गात माझ्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नव्हता. तिसरीच्या वर्गातली ती मुले घरी किचे भाषा बोलत. ग्वाटेमालात माया या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या २२ भाषा बोलल्या जातात. त्यांपैकी किचे ही सर्वांत मोठ्या भाषांमधली एक असून तिचे बोलणारे दहा लाखांच्या आसपास आहेत. स्पॅनिशशी तिचे कोणतेही नाते नाही. पाठ्यपुस्तक मात्र स्पॅनिश, फळा स्पॅनिश, आणि मी सहा महिने घोटून तयार केलेली भाषाही स्पॅनिशच. म्हणजे शिकवणारी आणि शिकणारे, दोघेही दुसऱ्याच कोणाच्या तरी भाषेत उभे होते. मी विचारलेला प्रश्न मुलांना कळत नव्हता असे नाही; उत्तर त्यांच्या मनात एका भाषेत तयार होई आणि ओठांपर्यंत येताना दुसरीत वळवावे लागे, आणि तेवढ्या वेळात मी अधीर होऊन पुढच्या मुलाकडे वळलेली असे.

मी ज्यांच्या घरी राहत होते त्या साठीच्या बाई होत्या. किचेमध्ये वडीलधाऱ्या स्त्रीला आदराने "नान" आणि पुरुषाला "तात" म्हणतात, म्हणून मीही त्यांना नान म्हणत असे. नान पहाटे चारला उठत. आदल्या रात्री त्यांनी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून तसाच ठेवलेला असे. पहाटे तो चोळून धुतला की दाण्याची साल निघून जाई, आणि तो ओला मका पाटीत घेऊन आम्ही दोघी गिरणीवर जात असू. गिरणीपुढची रांग आणि त्या रांगेतल्या बायकांच्या गप्पा पाहून मला आमच्या गावातली पिठाची गिरणी आठवे. फरक एवढाच की तिथे सुके पीठ दळत नाहीत, ओला गोळा वाटून मिळतो. चुना कशासाठी, हे मला आधी ठाऊक नव्हते. मक्यात असलेले नायसिन हे जीवनसत्त्व चुन्याशिवाय शरीराला फारसे मिळत नाही. युरोपने मका नेला परंतु ही रीत नेली नाही, आणि मग नुसत्या मक्यावर जगणाऱ्या इटली-स्पेनमधल्या गरिबांना पेलाग्रा नावाच्या रोगाने ग्रासले. एका सबंध खंडातल्या बायकांनी हजारो वर्षे रोज पहाटे जपलेली ही विद्या आहे, आणि तिला विद्या म्हणण्यात मला जराही अतिशयोक्ती वाटत नाही.

त्या ओल्या पिठाची चानकी दोन्ही तळव्यांवर थापून नान मातीच्या तव्यावर टाकत. एके दिवशी मी त्यांच्या पिठाची भाकरी परातीसारख्या एका ताटात थापून दाखवली. ज्वारीची विरी गेलेले पीठ जसे तुटते तसे काही होईल अशी मला भीती होती, पण चुन्यामुळे मक्याला आलेला चिकटपणा इतका होता की भाकरी चांगली हातभर झाली. नानने ती उलटसुलट करून पाहिली आणि शेजारणीला बोलावून दाखवली. पुढे आठवड्यातून एकदा तरी माझ्याकडून ती करून घेतली जाई.

याच चुलीपुढे मला आजीचा हिशेब परत भेटला. नान बाजारासाठी भाकऱ्या मोजत होत्या: हुन, केब, ओशिब, काहिब, होब. एक ते पाच. पुढे दहाला लाहुह. वीस झाल्यावर त्या "हुविनाक" म्हणाल्या आणि त्या वीस फडक्यात गुंडाळून पुन्हा "हुन"पासून मोजू लागल्या. मी त्यांना मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारले, "नान, विनाक म्हणजे काय?" त्यांनी दोन्ही हातांची बोटे पसरून दाखवली, मग पायांकडे बोट केले, आणि म्हणाल्या, "माणूस. एक पूर्ण माणूस." वीस म्हणजे एक माणूस, चाळीस, काविनाक, म्हणजे दोन माणसे. शंभराला त्या "होकाल" म्हणाल्या, ज्यातला "हो" म्हणजे पाच आणि "काल" म्हणजे वीस. पाच विसा. मी त्या धुरात बसून मोठ्याने मराठीत म्हणाले, "पाच इसा शंभर," आणि नानने विचारले, हे काय? माझ्या आजीच्या खड्यांची गोष्ट त्यांना सांगताना माझ्या स्पॅनिशची फार परवड झाली, परंतु त्यांना ती नीट कळली. "तुमच्याकडेही बायका अशाच मोजतात तर," असे म्हणून त्या पुन्हा मोजू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात मक्याचे दाणे आणि लहान काड्या घेऊन गेले. माया अंकलेखनात फक्त तीन खुणा आहेत: एकासाठी ठिपका, पाचासाठी आडवी रेघ आणि शून्यासाठी शिंपला. एकोणिसापर्यंतची संख्या ठिपके आणि रेघा एकावर एक मांडून लिहितात, आणि वीस झाले की वरच्या मजल्यावर जातात. आपण एककाच्या डावीकडे दशक लिहितो, तसे तिथे एकाच्या वर विसाचे घर, आणि घर रिकामे असेल तर शिंपला. ही पद्धत तिथल्या अभ्यासक्रमात आहे, पुस्तकात तिचे एक पानही आहे. परंतु ते पान स्पॅनिश सूचनांसह शिकवले जाते आणि मुलांना ते दगडी शिलालेखांवरचे, मेलेल्या माणसांचे काहीतरी वाटते. माझ्याबरोबर वर्ग घेणाऱ्या स्थानिक शिक्षिकेने त्या दिवशी सर्व किचेमध्ये सांगितले आणि मी फक्त दाणे मांडत गेले. मी सदुसष्ट मांडले: वर तीन दाणे, खाली एक काडी आणि तिच्यावर दोन दाणे. वर तीन विसा, खाली सात. आजीचे "तीन इसा न् सात" समुद्रापलीकडच्या त्या बाकावर जसेच्या तसे पडलेले होते, आणि काही क्षण मला पुढे बोलता येईना.

तीन महिने तोंड न उघडलेली एक मुलगी तेव्हा उठून पुढे आली. रविवारी ती आईबरोबर चिचिकास्तेनांगोच्या बाजारात विणलेल्या पट्ट्या विकायला बसत असे. बाजारात फळे आणि कणसे हातावर विकतात. पाच नगांना स्पॅनिशमध्ये "मानो", म्हणजे हात, असाच शब्द आहे. चार हात झाले की एक माणूस पुरा होतो, हे तिने दाण्यांच्या चार ओळी लावून सर्वांना दाखवले, आणि मग मी न सांगता तीन माणसे, चार माणसे असे करत ती शंभरापर्यंत गेली. तिला गणित येत नाही असा शेरा आधीच्या वर्षीच्या प्रगतिपत्रकावर होता. तो शेरा लिहिणारी व्यक्ती कष्टाळू आणि प्रेमळ होती, हे मला ठाऊक आहे. मी स्वतः तसे शेरे लिहिलेले आहेत.

शून्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. शून्य ही भारताची देणगी आहे असे मी दरवर्षी वर्गात अभिमानाने सांगत आले आहे, आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या अंकांबाबत ते खरेच आहे. परंतु माया लोकांनी आपल्याशी कोणताही संबंध नसताना, स्वतःच्या कालगणनेसाठी, स्वतंत्रपणे शून्याची खूण वापरली, हे मी कोणत्याही वर्गात कधी सांगितले नव्हते, कारण ते मला सांगावेसे वाटलेच नव्हते. आता मी दोन्ही सांगते.

हा प्रयोग सगळ्यांना आवडला असे मुळीच नाही. पालकांच्या बैठकीत एक वडील उठून म्हणाले की किचे आमच्या घरात आहेच, शाळेने स्पॅनिश शिकवावे. स्पॅनिश येत नाही म्हणून कचेरीत, दवाखान्यात, बसमध्ये जे सोसावे लागते ते आमच्या मुलांच्या वाट्याला नको. त्यांचे म्हणणे चूक आहे असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. आमच्या तालुक्यात पोटाला चिमटा काढून मुलांना इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवणारे आईबाप मी रोज पाहते. मला एवढेच म्हणायचे होते की घरच्या भाषेत पक्के झालेले गणित दुसऱ्या भाषेत नेता येते, पण कोणत्याच भाषेत पक्के न झालेले गणित कुठेच नेता येत नाही. ते वडील शेवटपर्यंत पूर्ण पटलेले नव्हते. मुलाला मात्र रोज पाठवत राहिले.

त्यांच्या आग्रहामागे आणखी एक कारण होते, आणि ते मला सप्टेंबरमध्ये कळले. १५ सप्टेंबर हा ग्वाटेमालाचा स्वातंत्र्यदिन. १८२१ साली मध्य अमेरिका स्पेनपासून वेगळी झाली. आदल्या दिवशी मुले पेटत्या मशाली घेऊन रस्त्याने धावतात. त्यानंतर दोनच दिवसांनी आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या संध्याकाळी मी नानना सांगितले की १९४८ पर्यंत आमच्या भागावर निजामाचे राज्य होते, अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत, माझे आजोबा घरी मराठी बोलत आणि वरच्या वर्गात उर्दूतून शिकत, आणि रझाकारांच्या भयाने त्यांचे कुटुंब रातोरात हद्द ओलांडून बार्शीकडे गेले होते. माझ्या आजोबांनी त्या रात्रीविषयी आम्हाला आयुष्यात दोनदाच सांगितले. नान बराच वेळ चुलीत पाहत राहिल्या. मग त्यांनी सांगितले की १९८२ मध्ये त्यांच्या थोरल्या भावाला शेतातून नेले आणि तो परत आला नाही, आणि त्यानंतर काही वर्षे त्या बाजारात गेल्या की आपली विणीची चोळी घालत नसत आणि किचे बोलत नसत, कारण कोण कुठला आहे हे कपड्यांवरून आणि बोलण्यावरून ओळखले जाई.

ग्वाटेमालातले यादवी युद्ध १९६० पासून १९९६ पर्यंत चालले. त्यानंतर नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये दिलेल्या अहवालानुसार दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि ज्यांची पूर्ण ओळख पटली त्यांतले ८३ टक्के माया होते. सर्वाधिक झळ एल किचे विभागाला बसली. १९९५ साली मूळनिवासी समाजांच्या ओळखीविषयी आणि हक्कांविषयी करार झाला, २००३ मध्ये राष्ट्रीय भाषांचा कायदा आला आणि माया भाषांना शाळेत हक्काची जागा मिळाली. कायद्याच्या कागदावर ती जागा आता आहे. परंतु ज्या आईने जीव वाचवण्यासाठी स्वतःची भाषा गिळली, तिने ती मुलाच्या दप्तरात विश्वासाने ठेवावी, यासाठी एक कायदा पुरेसा नसतो.

जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली. तिथला पावसाळा मे ते ऑक्टोबर असतो आणि मध्ये येणाऱ्या खंडाला "कानिकुला" म्हणतात. त्या वर्षी तो फार लांबला आणि देशाच्या कोरड्या पट्ट्यात मका उभा वाळला. आमच्या वर्गातल्या पालकांचे बोलणे मला भाषांतराशिवाय कळू लागले, कारण ते सगळे आमच्याच पारावरचे होते. आता समुद्राकडे जावे लागेल, असे ते म्हणत. दक्षिण किनाऱ्यावर ऊस आणि कॉफीचे मोठमोठे मळे आहेत. ऊसतोडीचा हंगाम, ज्याला "साफ्रा" म्हणतात, नोव्हेंबरपासून मेपर्यंत चालतो. डोंगरातली माणसे टोळ्यांनी खाली उतरतात. जानेवारीत मी आले तेव्हा पटावरची कितीतरी नावे पहिला महिना-दीड महिना रिकामीच होती, त्याचे कारण हेच होते, आणि ते मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. दिवाळीनंतर आमचा हजेरीपटही असाच दिसतो.

शेजारचे एक ऐंशी ओलांडलेले तात होते. त्यांच्या वडिलांच्या काळी मळ्याचा माणूस सणाच्या तोंडावर गावात येई आणि पैसे आगाऊ वाटून जाई. ते फेडण्यासाठी घरच्या घरे मळ्यावर जात आणि हिशेब कधीच मिटत नसे. मी म्हणाले, "तात, याला आम्ही उचल म्हणतो, आणि तो वाटणारा तो मुकादम." १९३४ मध्ये तिथल्या हुकूमशहाने, होर्हे उबिको याने, ही कर्जाची वेठ रद्द केली, परंतु तिच्या जागी असा कायदा आणला की ज्याच्याकडे जमीन नाही किंवा थोडी आहे त्याने वर्षाला १०० ते १५० दिवस मळ्यावर काम केलेच पाहिजे, आणि केलेल्या दिवसांची नोंद असलेली पुस्तिका जवळ बाळगली पाहिजे. पुस्तिका नसली की तुरुंग. १९४४ च्या क्रांतीनंतर तो कायदा गेला. तातांनी वडिलांची पुस्तिका लहानपणी पाहिली होती. तिच्यावर वडिलांना स्वतःचे नाव वाचता येत नव्हते, एवढे त्यांना पक्के आठवत होते. आमच्याकडे आज उचलीची नोंद मुकादमाच्या वहीत असते आणि कोयता म्हणून नवरा-बायकोची जोडी मोजली जाते. ती वही ज्यांच्या नावाची, त्यांच्यातल्या कित्येकांना ती वाचता येत नाही.

मी ऑक्टोबरअखेर परतले. त्याच सुमारास राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता आणि मराठवाड्याचा मोठा भाग त्यात होता. ऊसतोडीच्या टोळ्या नेहमीपेक्षा लवकर निघाल्या होत्या. आमच्या शाळेत जवळच्या दोन तांड्यांवरची मुले येतात. त्यांच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. सात वर्षे ती मुले माझ्यासमोर बसली होती आणि त्यांच्या भाषेतले मला दोनच शब्द ठाऊक होते: आईला याडी म्हणतात आणि भाकरीला बाटी. नानच्या स्वयंपाकघरात मी तीन महिन्यांत शंभरपर्यंत मोजायला शिकले होते. याची मला फार लाज वाटली, आणि ती वाटणे योग्यच होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर, जी मुले आजी-आजोबांजवळ मागे राहिली होती त्यांना मी विचारले की तुमच्या घरी कसे मोजतात ते मला शिकवा. एक सहावीतला मुलगा, जो उत्तर येत असूनही नेहमी खाली पाहत असे, म्हणाला, "एक, दि, तीन." मी "दी" असे लांबवून म्हटले, तर त्याने मला दुरुस्त केले. मी दुसऱ्यांदा चुकले तेव्हा त्याने तिसऱ्यांदा, अधिक मोठ्या आवाजात, दुरुस्त केले. मी त्याला म्हणाले की तुझी आजी गोवऱ्या कशी मोजते ते विचारून ये. दुसऱ्या दिवशी तो खिशात खडे घेऊन आला. ते फळ्यावर मांडण्यात आमचे दोन तास गेले, कारण तो आजीच्या पद्धतीने पाचापाचाच्या ढिगल्या करून चार ढिगल्यांना एक मोठा खडा ठेवत होता आणि बाकीच्यांना तो मोठा खडा कशाला, हे त्याच्याच तोंडून ऐकायचे होते.

ज्यांना आईबाप बरोबर घेऊन गेले होते त्या अकरा मुलांच्या नावांपुढे मी मार्चपर्यंत गैरहजेरीच मांडत राहिले. साखर कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, ती एकेक करून परत आली, उन्हाने रापलेली आणि चार महिने मागे पडलेली. बाकांची जागा बदलून मी त्यांना खिडकीजवळ एकत्र बसवले, आणि तो मुलगा मी न सांगता आपले खडे घेऊन त्यांच्यात जाऊन बसला.